सगळे कॉल माझ्याच गळ्यात का?

प्रश्न: मी हिंजवडीच्या एका कॉल सेंटरमध्ये एजंट आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही येतात, बिलिंगचं ट्रेनिंग झालंय, टेक्निकलचंही झालंय, म्हणून सिस्टिममध्ये सगळे स्किल माझ्या नावावर आहेत. एक कॉल ठेवला की लगेच दुसरा. शेजारच्या मुलाला फक्त हिंदी बिलिंग आहे, तो बऱ्याचदा मोकळा असतो. टीएल (टीम लीडर) म्हणतात सिस्टिमच तसे कॉल वाटते. खरंच काही करता येत नाही का?

उत्तर: येतं, नक्की येतं. सिस्टिम स्वतःच्या मनाने काहीच वाटत नाही, कोणीतरी जे भरून ठेवलंय त्याप्रमाणे चालते.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं तुम्हाला प्रत्येक स्किलमध्ये वरची लेव्हल दिलीय आणि नियम आहे ‘चांगला एजंट आधी’. मग हिंदी बिलिंगचा कॉल आला की तुम्ही दोघं मोकळे असलात तरी तो तुमच्याकडेच येणार, आणि तुम्ही त्या सहा मिनिटांच्या बिलात अडकलात की नेमका तेव्हाच लातूरहून कोणीतरी मराठी निवडून होल्डवर ताटकळत बसणार, शेजारचा मोकळा असून त्याला उचलता येणार नाही कारण त्याला मराठी स्किलच नाही. म्हणजे दमणूक तुमची आणि खोळंबा ग्राहकाचा, हे मला जास्त खटकतं.

उपाय उलटा आहे. जे काम फक्त तुम्हालाच जमतं, म्हणजे मराठी टेक्निकल, तिथे तुमची लेव्हल वरची ठेवायची आणि हिंदी बिलिंगला खालची, म्हणजे तो कॉल आधी हिंदीवाल्यांकडे जाईल, ते सगळे बिझी असले तरच तुमच्याकडे. (काही सिस्टिममध्ये १ म्हणजे सगळ्यात वरची लेव्हल, काहींत बरोबर उलट, तेवढं तपासायला सांगा, इथे गडबड होऊ शकते.) लाइनच लागलेली असेल तर मात्र लेव्हल फार कामाला येत नाही, तुम्ही मोकळ्या झालात की पुढचा कॉल घ्यावाच लागेल, तिथे कोणत्या रांगेला प्राधान्य ते ठरवावं लागतं.

मग मॅनेजर सगळ्यांना सगळे स्किल का लावतात? कारण रांगा एकत्र केल्या की माणसं खरंच कमी लागतात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९१७ मध्ये दिलेलं सूत्र अजून वापरतात, त्याने हिशेब करून बघा: चार भाषा, प्रत्येकीला तासाला १०० कॉल, तीन मिनिटांचा एक, टार्गेट ८० टक्के कॉल २० सेकंदांत उचलायचे. चार वेगळ्या टीम केल्या तर प्रत्येकी ८ म्हणजे ३२ एजंट लागतात, सगळ्यांना चारही भाषा येत असतील तर २४ पुरतात. आठ माणसांचा पगार वाचतो, मोह होणारच.

पण त्यासाठी सगळ्यांना सगळं यायची गरज नाही! वॉलेस आणि व्हिट या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं की प्रत्येकाला नीट निवडलेले दोनच स्किल असले तरी बहुतेक फायदा मिळतो. म्हणून शेजारच्या मुलाला हिंदी टेक्निकल शिकवा, कोणाला मराठी बिलिंग, असं एकमेकांत गुंफलं की भार एकटीवर येत नाही.

एक मात्र करू नका, वैतागून ऑक्सला (म्हणजे कॉल येत नाहीत त्या ‘ब्रेक’ स्टेटसला) जाऊन बसू नका, अ‍ॅडहिअरन्स (वेळापत्रक किती पाळलं त्याचा आकडा) तुमचाच पडतो आणि बोलायची जागा जाते. त्याऐवजी टीएलकडे दोन आठवड्यांचा स्किलप्रमाणे रिपोर्ट मागा, त्यात तुमची आणि हिंदीवाल्यांची ऑक्युपन्सी (लॉगिनमधला किती टक्के वेळ कॉलच्या कामात गेला) शेजारी शेजारी ठेवा, आणि मराठी रांगेतले किती कॉल उचलण्याआधीच कट झाले तेही काढायला सांगा. तुमची ९० टक्क्यांच्या वर आणि त्यांची ६० च्या आसपास निघाली तर वर्कफोर्सवाल्यांना (शिफ्ट आणि स्किल लावणाऱ्या टीमला) लेव्हल बदलायला सांगणं टीएललाही सोपं जाईल.