अतिवाहकातले चुंबकीय भोवरे

प्रश्न : अतिवाहक (खूप थंड केल्यावर विजेला मुळीच रोध न करणारा पदार्थ) चुंबकीय क्षेत्राला आत शिरू देत नाही, असे आम्ही शिकलो. मग त्याच्या आत चुंबकीय भोवरे कसे असतात?

उत्तर : आपण शिकलात ते शिसे, पारा अशा पहिल्या प्रकारच्या अतिवाहकांना लागू पडते. १९५० साली गिंझबुर्ग आणि लांडाऊ या भौतिकशास्त्रज्ञांनी अतिवाहक अवस्था एका संमिश्र फलनाने मांडली; अशा फलनाला प्रत्येक जागी एक आकारमान आणि एक कोन, म्हणजे कला, असते. चुंबकीय क्षेत्र किती खोल शिरते आणि हे फलन किती अंतरात बदलते, या दोन लांबींचे गुणोत्तर सुमारे ०.७१ पेक्षा जास्त असेल, तर क्षेत्राने बारीक धाग्यांच्या रूपाने आत शिरणे ऊर्जेच्या हिशेबात परवडते. हे धागे म्हणजेच चुंबकीय भोवरे.

यातली खरी गंमत गणिताची आहे. भोवऱ्याभोवती एक फेरी मारून मूळ जागी आल्यावर फलनाची कला ३६० अंशांच्या पूर्ण पटीतच बदललेली असू शकते. म्हणून भोवऱ्यातला चुंबकीय प्रवाह मन मानेल तेवढा नसून सुमारे २.०७ × १०⁻¹⁵ वेबरच्या (वेबर हे चुंबकीय प्रवाहाचे एकक) पूर्ण पटीतच, बहुधा एकपटच, असतो. केंद्रबिंदूवर मात्र सर्व दिशांच्या कला एकत्र येतात, त्यामुळे तिथे फलनाला शून्य होण्यावाचून गत्यंतर नसते आणि तेवढ्या जागी अतिवाहकता मावळते.

भौतिकशास्त्रज्ञ अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ साली या भोवऱ्यांची नियमित जाळी प्रसिद्ध केली. आकडेमोडीतल्या चुकीमुळे त्यांना ती चौकोनी वाटली होती; प्रत्यक्षात त्रिकोणी रचनेची ऊर्जा किंचित कमी भरते. एवढी चूक असूनही सिद्धांत टिकला आणि २००३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.