शिकाऊ आहे, विकू का?

प्रश्न : बी.कॉम. करून नौपाड्यातल्या एका बँकेत वेल्थ मॅनेजमेंटला अप्रेंटिस लागले. दिवसभर केवायसीचे कागद लावते. परवा साहेब म्हणाले, "त्या आजोबांची 8 लाखांची एफडी मॅच्युअर होतेय, युलिप गळ्यात घाल." म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली योजना. आजोबा मला 'बाळा' म्हणतात. काय करू?
– एक वाचक, कळवा

उत्तर : बाळा, तुझी घालमेल मला कळते, माझी 22 वर्षं काउंटरपलीकडेच गेली. विमा असो वा म्युच्युअल फंड, विकायला प्रमाणपत्र लागतं. ते हातात नसताना सल्ला द्यायचा नाही, हे साहेबांना शांतपणे, पण स्पष्ट सांग. युलिपचे पैसे 5 वर्षं अडकतात. आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या दिवाळीत असेल तर? मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन या, फॉर्म घरी नेऊन वाचा, एवढं तू त्यांना नक्की सांगू शकतेस. शिवाय ठेवीवरचं विमा संरक्षण एका बँकेत व्याजासकट 5 लाखांपर्यंतच असतं, हेही त्यांच्या कानावर घाल.

आणि एनआयएसएम या शेअर बाजाराचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेची म्युच्युअल फंड वितरकांची परीक्षा लवकर दे. कळवा ते ठाणे गाडीत पुस्तक उघडायलाही जागा नसते, माहीत आहे. पहाटेचा एक तास काढ.