कायदा करणे आणि लागू होणे

प्रश्न : इंग्रजी बातम्यांतील ‘लेजिस्लेट’ आणि ‘एनॅक्ट’ या क्रियापदांचा अर्थ एकच का?
– एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : नाही. ‘लेजिस्लेट’ म्हणजे कायदे करण्याचे काम करणे. ते सहसा कर्म घेत नाही, म्हणून राज्यसूचीतील, म्हणजे राज्यघटनेने राज्यांकडे सोपवलेल्या, विषयांवर विधानमंडळ ‘लेजिस्लेट’ करते. ‘एनॅक्ट’ला मात्र विशिष्ट विधेयक किंवा कायदा हे कर्म लागते. खरा घोटाळा पुढे होतो, आणि तो टाळलाच पाहिजे : कायदा होणे म्हणजे तो लागू होणे नव्हे. माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती १५ जून २००५ रोजी मिळाली, पण तो पूर्णपणे अमलात आला १२ ऑक्टोबरला. मंत्रालयातून निघणारा जीआर म्हणजे शासन निर्णय, कायदा नव्हे; त्याला तर यांपैकी एकही क्रियापद लावू नये.