ख्रिस्तराजा आणि राजांचा ख्रिस्त

प्रश्न : ख्रिस्तराजाच्या सणाला मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) आटोपून परतताना मुलीने विचारले, ‘गव्हाणीत जन्मलेल्याला सिंहासनावर कोणी बसवले?’ मला उत्तर सुचले नाही. देवाच्या अशा प्रतिमेमागे हुकूमशाही राजवटी आहेत का?
— एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : आहेत, मात्र सुरुवात उलट दिशेने झाली होती. रोमन सम्राटाला लावले जाणारे ‘प्रभू’ हे बिरुद पहिल्या ख्रिस्ती लोकांनी रोमनांनीच क्रुसावर मारलेल्या माणसाला दिले, म्हणजे ते सत्तेकडून काढून घेतले. रोममधल्या भुयारी दफनभूमीच्या भिंतींवर मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ दिसतो. पुढे सम्राट कॉन्स्टंटाइन या धर्माचा आश्रयदाता झाला, ३२५ साली निकियाची धर्मपरिषद त्याच्याच बोलावण्यावरून भरली, आणि बिशप युसेबियसने त्याचे राज्य हे स्वर्गीय राज्याचे प्रतिबिंब ठरवले. इटलीतल्या रावेन्ना शहरी, सहाव्या शतकातल्या सान व्हिताले चर्चमध्ये जांभळ्या राजवस्त्रातला ख्रिस्त विश्वगोलावर बसला आहे, तर बाजूच्या भिंतीवर तशाच वस्त्रात सम्राट जस्टिनियन उभा आहे, तोही डोक्यामागे तेजोवलय घेऊन! कोणी कोणाची नक्कल केली, हे पाहणाऱ्याला कळू नये, अशीच ती मांडणी आहे.

आपला सण मात्र बराच अलीकडचा. मुसोलिनीच्या काळात, १९२५ साली, पोप अकरावे पायस यांनी तो सुरू केला. राष्ट्रेही ख्रिस्ताच्या सत्तेखाली आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पण घोषणा कोणाच्या तोंडी जाईल, यावर कोणाचा ताबा राहत नाही. ‘ख्रिस्तराजाचा विजय असो’ म्हणत मेक्सिकोतले शेतकरी चर्चविरोधी सरकारशी लढले, आणि दहा वर्षांच्या आत स्पेनच्या यादवी युद्धात तीच घोषणा पुढे हुकूमशहा झालेल्या जनरल फ्रँकोच्या बाजूने ऐकू आली. फ्रँकोने तर नाण्यांवर स्वतःला ‘देवाच्या कृपेने’ स्पेनचा नेता म्हणवून घेतले. याउलट जर्मनीत १९३४ साली बार्मेन इथे जमलेल्या विरोधी प्रोटेस्टंटांच्या जाहीरनाम्याने हिटलरधार्जिण्या ख्रिस्ती गटाला बजावले, की ख्रिस्ताशिवाय दुसरा प्रभू नाही. म्हणून ‘राजा’ हा शब्दच टाकून द्यावा, असे मला वाटत नाही. त्या सिंहासनाशेजारी आणखी कोण जागा पटकावतो, ते पाहावे. (आपले ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी ख्रिस्ताला माउली म्हटले, ती हाक वारकऱ्यांकडून आली, दरबारातून नव्हे.)

मुलीला या सणाला वाचली जाणारी शुभवर्तमानेच (बायबलमधल्या येशूचरित्रांतले उतारे) वाचून दाखवा. ती तीन वर्षांच्या क्रमाने येतात : एका वर्षी राजा रोमन सुभेदार पिलातासमोर आरोपी आहे, एका वर्षी दोन गुन्हेगारांमध्ये क्रुसावर आहे, आणि ज्या वर्षी तो खरोखरच सिंहासनावर बसलेला आहे, त्या वर्षी तो विचारतो, मी भुकेला होतो, तुरुंगात होतो, तेव्हा तुम्ही काय केले?