स्टार बघून ॲप निवडायचं का?

प्रश्न : मी सहावीला गणित शिकवते. अपूर्णांकांसाठी काही शोधायला बसलं की व्हिडिओ, ॲप, क्विझ यांचा नुसता ढीग येतो, सगळ्यांना चार-साडेचार स्टार. यातलं वर्गात काय न्यायचं ते ठरवायचं कसं?

उत्तर : ताई, ते स्टार आधी बाजूला ठेवा, देणाऱ्याने ते वर्गात वापरलंय की नुसतं उघडून बघितलंय हे कुठे कळतंय! त्यापेक्षा स्वतः ॲप उघडा आणि मुद्दाम चुकीचं उत्तर द्या, तेही मुलं खरंच देतात तसलं. म्हणजे १/२ + १/३ विचारलं की २/५ टाका, वरचे वर मिळवले, खालचे खाली. मग बघा काय होतं. लाल फुली आणि 'पुन्हा प्रयत्न करा' एवढंच येत असेल तर पोरं पर्याय दाबत दाबत बरोबर उत्तरावर पोचतात, डोक्यात काही शिरत नाही. पण २/५ तर १/२ पेक्षाही कमी, मग मिळवल्यावर कमी कसं झालं, हे पट्टी काढून दाखवत असेल तर ते ठेवा, दिसायला कितीही साधं असलं तरी.

व्हिडिओचं म्हणाल तर चकाचकपणाला भुलू नका. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय, विषयाशी संबंध नसलेलं संगीत आणि चित्रं घातली की शिकणं उलट कमी होतं असं त्यांना दिसलं (जाहिरातीत मात्र हेच आधी दाखवतात!).

कोलोराडो विद्यापीठाची फेट (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर स्वतः हलवून-बदलून बघायचे प्रयोग, बघितली नसतील तर जरूर बघा. २००२ पासून चालू आहेत, फुकट आहेत, अपूर्णांकांचीही आहेत आणि बरीच मराठीतही मिळतात. फक्त कुठल्याही साइटवरचं जुनं काही घेताना आधी उघडून चालवून बघा, फ्लॅश हे ब्राउझरमध्ये ॲनिमेशन नि खेळ चालवणारं सॉफ्टवेअर २०२० च्या शेवटी बंद झाल्यापासून त्यावर बनवलेलं पुष्कळ सामान नुसतं पडून आहे.

लायसन्सही बघायचं. क्रिएटिव्ह कॉमन्स या, साहित्य इतरांना वाटू देणाऱ्या परवान्यात 'एनडी' (बदल करायचे नाहीत) लिहिलेलं असेल तर जसंच्या तसं वाटता येतं, भाषांतर किंवा काटछाट करून पुढे पाठवता येत नाही. आणि अपूर्णांक शिकवायला मुलाची जन्मतारीख नि फोन नंबर मागणारं ॲप असेल तर ते तिथल्या तिथे बंद करा, पुढचं काही तपासत बसू नका.