"मला चुकून घेतलंय": कन्सल्टिंगच्या नोकरीतले पहिले महिने

"मला चुकून घेतलंय, आणि आता ते सगळ्यांच्या लक्षात यायला लागलंय."

समुपदेशनासाठी आलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलीचं हे पहिलं वाक्य. बारावीपर्यंत सांगलीत, मग पुण्यात इंजिनिअरिंग, त्यानंतर एमबीए आणि कॅम्पसमधून थेट मुंबईच्या एका कन्सल्टिंग फर्ममध्ये, म्हणजे कंपन्यांना व्यवसायाबद्दल सल्ला देणाऱ्या संस्थेत. नोकरीला अडीच महिने झाले होते. ही हकीकत कोणा एकीची नाही. अशा नोकरीत नव्याने लागलेल्या अनेकांच्या बोलण्यात जे सारखं आढळतं, ते एकत्र करून ती मांडली आहे.

तिची तक्रार अशी. मॅनेजरकडे पाठवलेला प्रत्येक डेक, म्हणजे स्लाइड्सचा संच, शेऱ्यांनी भरून परत येतो. रात्री दोनच्या आधी झोप नाही, सकाळी सातला फोन बघताना छातीत धडधड. दिवसाला सहा-सात कप चहा. घरून आईचा फोन आला की "जेवले गं, सगळं छान चाललंय" एवढं बोलून ठेवून द्यायचा. वडिलांचं म्हणणं, "एवढा पगार देतात म्हटल्यावर काम घेणारच." आणि मनात एकच धास्ती: सहा महिन्यांचा प्रोबेशन संपला की नारळ मिळणार.

यशस्वी माणसाला आपण लायकी नसताना इथवर आलो असं वाटत राहणं नवीन नाही. 1978 मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कर्तबगार स्त्रियांमधल्या या भावनेबद्दल लिहिलं. हा आजार नाही. पण "असं सगळ्यांनाच वाटतं" एवढं सांगून कुणाची झोप परत येत नाही, म्हणून अशा वेळी भावनेवर थोडक्यात बोलून आम्ही कामाचा एक तुकडा समोर मागतो. "तुला कायम काय वाटतं?" हे विचारण्यापेक्षा "मागच्या आठवड्यातली एक स्लाइड घे आणि तिचा प्रवास तासागणिक लिही" हे जास्त उपयोगी पडतं.

तिने लिहिलं. सोमवारी सकाळी अकराला मॅनेजरने पाच मिनिटांत काम सांगितलं: चाकणच्या एका वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात साठा किती दिवसांचा पडून आहे ते दाखवायचं. तिने मान डोलावली. मंगळवार पूर्ण डेटा साफ करण्यात गेला. बुधवारी तीन प्रकारचे तक्ते करून पाहिले, रंग जुळवले, रात्री नऊला पाठवलं. साडेनऊला उत्तर आलं: मला प्लांटनुसार नको होतं, मालाच्या प्रकारानुसार हवं होतं. कच्चा माल, अर्धवट तयार, पक्का. मग रात्री दोनपर्यंत सगळं नव्याने.

सोमवार अकरा ते बुधवार नऊ या वेळात मॅनेजरशी एकही शब्द बोलणं झालं नव्हतं. का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "अर्धवट काम कसं दाखवायचं? त्यांना वाटेल हिला काहीच येत नाही."

खरी गाठ इथे होती. आपल्याकडे हुशार मुलांची सोळा-सतरा वर्षं परीक्षेत जातात. पेपर पूर्ण लिहून, उजळणी करून, शेवटची घंटा झाल्यावर द्यायचा, मध्येच उठून "सर, दिशा बरोबर आहे का?" विचारलं तर ती कॉपी. कन्सल्टिंगमध्ये नेमकं उलट आहे. प्रश्नच आठवड्यात दोनदा बदलतो, क्लायंटच्या मनात काय आहे ते मॅनेजरला ठाऊक असतं आणि नव्या माणसाला नसतं. जो एकट्याने जास्त वेळ काम करतो तो जास्त चुकीच्या दिशेला जातो, आणि जितका जास्त जातो तितके शेरे जिव्हारी लागतात. तिची बुद्धी कमी पडत नव्हती. काम दाखवायला उशीर होत होता.

पण हे तिला लगेच पटलं नाही, कारण तिच्याकडे एक पुरावा होता. क्लायंटच्या बैठकीत तिने साठा 52 दिवसांचा असल्याचं सांगितलं आणि तिथले फायनान्स हेड म्हणाले, "आमच्या हिशोबाने 73 आहेत." खोली गप्प. त्या प्रसंगाची आम्ही नीट चिरफाड केली. साठा 60 कोटींचा, वर्षाची विक्री 420 कोटी, विकलेल्या मालाचा खर्च, म्हणजे कॉग्ज, 300 कोटी. साठ्याचे दिवस काढताना साठ्याला कॉग्जने भागून 365 ने गुणतात. ते 73 येतात. तिने विक्रीने भागलं होतं. असं का झालं? येणे रकमेचे, म्हणजे ग्राहकांकडून पैसे यायला लागणारे, दिवस काढायचं सूत्र विक्रीवर बेतलेलं असतं आणि ते बरोबरच असतं. तिने तोच रकाना कॉपी करून साठ्यासाठी वापरला. सूत्र तिला येत होतं. रात्री एक वाजता, दुसऱ्या कुणाची नजर न पडता, घाईत ते निसटलं.

विवेकनिष्ठ विचारपद्धतीत (अल्बर्ट एलिस यांनी ती 1955 पासून मांडली, महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली) घटना, धारणा आणि परिणाम वेगळे काढतात. तिने कागदावर तीन रकाने केले. घटना: आकडा चुकला. परिणाम: मॅनेजरला टाळणं, प्रत्येक शीट चारचारदा तपासणं, झोप उडणं. मधल्या रकान्यात काय लिहायचं यावर बराच वेळ गेला. शेवटी तिने लिहिलं: "माझी चूक होताच कामा नये. झाली म्हणजे मी या कामाच्या लायकीची नाही." घटनेतून परिणाम थेट येत नव्हता, या मधल्या वाक्यातून येत होता. त्याच्या जागी तिने स्वतःच्या शब्दांत दुसरं लिहिलं: "चूक होऊ नये असं मला मनापासून वाटतं. झालीच तर ती खोलीबाहेर जाण्याआधी सापडेल अशी सोय मी करू शकते." नुसतं वाक्य बदलून भागत नाही, ती सोय प्रत्यक्ष करावी लागते.

काम घेताना चार गोष्टी विचारून घ्यायच्या: यातून कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवंय, हे कोण बघणार आहे, कधी हवंय, आणि किती पक्कं हवंय. मग ऐकलेलं दोन वाक्यांत परत म्हणून दाखवायचं. यातला "किती पक्कं" हा प्रश्न नवे लोक हमखास गाळतात आणि अंतर्गत चर्चेच्या तक्त्यावर सहा तास घालवतात.

त्यानंतर लॅपटॉप उघडण्याआधी कागदावर स्लाइड काढायची. वर पूर्ण वाक्यात मथळा, म्हणजे जे निघेल असा अंदाज आहे ते, खाली आडव्या-उभ्या अक्षावर काय येणार ते, आकडे नाहीत. दोन दिवसांच्या कामाला हे पहिल्या दोन-तीन तासांत व्हायला हवं, आणि लगेच दहा मिनिटं मागून दाखवायचं.

पहिल्यांदा हे फसलं. तिने कागदाचा फोटो काढून "प्लीज रिव्ह्यू" एवढंच लिहून पाठवला. मॅनेजरला वाटलं हेच काम, आणि तो वैतागला. कच्चं काम दाखवताना ते कच्चं आहे हे वर लिहावं लागतं आणि नेमका एक प्रश्न विचारावा लागतो. पुढच्या वेळी तिने लिहिलं: "हा फक्त आराखडा आहे, आकडे अजून भरलेले नाहीत. मालाच्या प्रकारानुसार विभागते आहे. ही दिशा बरोबर आहे का? हो म्हणालात तर उद्या चारपर्यंत आकडे देते." उत्तर वीस मिनिटांत आलं.

अडल्यावर किती वेळ एकट्याने झगडायचं, याचाही नियम ठरवला. अर्धा-पाऊण तास. मग विचारायचं, पण काय करून पाहिलं ते आधी सांगून. "हे जमत नाहीये" आणि "दोन फाइलींमधली बेरीज 4 कोटींनी जुळत नाही, परत आलेला माल वगळून पाहिला तरी फरक राहतो, कुणाला विचारू?" यातलं दुसरं ऐकून कोणताही मॅनेजर नवख्याला कमी लेखत नाही.

आकडे बाहेर जाण्याआधीची तपासणी मोजून पंधरा मिनिटांची ठेवली: बेरजा जुळतात का, लाख-कोटींचा घोळ नाही ना, वर्ष एप्रिल ते मार्च आहे की जानेवारी ते डिसेंबर, प्रत्येक आकड्याखाली स्रोत आहे का, आणि मोठा आकडा क्लायंटच्या माणसाने आधी पाहिलाय का. 52-73 चा घोळ या शेवटच्या पायरीनेच टळला असता. बैठकीच्या आदल्या दिवशी फायनान्समधल्या कुणाला तरी फोन करून "मला हे आलंय, तुमच्याकडे काय आहे?" विचारण्यात कमीपणा नाही. जुने जाणते कन्सल्टंट हेच करतात.

शेऱ्यांसाठी तिने एका परत आलेल्या डेकवर बसून वर्गवारी केली. एकूण 31. त्यातले 14 फॉन्ट, रेषा, रंग यांचे, 9 शब्दरचनेचे, 6 मुद्द्याच्या दिशेचे, 2 आकड्यांचे. लाल रंग सगळ्या शेऱ्यांना सारखाच असतो, म्हणून 31 अपयशं दिसतात. पहिले 14 एकदा यादी करून भिंतीवर लावले की पुन्हा येत नाहीत. शिकायचं असतं ते त्या 6 मधून, आणि त्यासाठी "हे का बदललं?" एवढं विचारायला हवं.

एका गोष्टीकडे तिचं लक्षच नव्हतं. चाकणच्या स्टोअरमध्ये टीममधली तीच एकटी मराठी बोलणारी होती. बाकीचे सिस्टीममधला रिपोर्ट बघत होते, हिने स्टोअर सांभाळणाऱ्या साहेबांबरोबर रॅकमधून फिरत विचारलं, "साहेब, हा माल इतके दिवस का राहतो?" वीस-पंचवीस वर्षं तिथे घालवलेल्या माणसाने धूळ बसलेले खोके दाखवले: गाडीचं ते मॉडेल बंद झालं, पण कंपनीला काही वर्षं सुटे भाग पुरवावे लागतात म्हणून माल टाकता येत नाही. रिपोर्टमध्ये तो नुसता "न हललेला माल" होता. पुढच्या शिफारशीत हा माल वेगळा काढला गेला. ती हे सांगताना म्हणाली, "पण ते काय, मी नुसतं बोलले." माहिती बोलण्यातूनच येते, आणि असं बोलणं म्हणजे काम नव्हे असं मानणं ही तिची चूक होती.

झोपेचं मात्र ताबडतोब पाहावं लागलं. दुपारी तीननंतर चहा बंद, कारण कॅफिनचं अर्धं प्रमाण पाच-सहा तासांनीही अंगात असतं. रात्री नऊनंतर काम आलं तर एकच प्रश्न: "आज रात्री लागेल की सकाळी नऊला चालेल?" बहुतेक वेळा सकाळी चालत होतं. काही वेळा चालत नव्हतं. मोठ्या सादरीकरणाच्या आठवड्यात या नोकरीत रात्री जातातच, आणि ते आधी माहीत असलं की सोसवतं. आईला खरं सांगायचं ठरलं. "ताण आहे, उपाय करतेय, काळजी करू नको" एवढं बोलल्यावर फोन टाळायची गरज राहिली नाही.

प्रत्येकाचं दुखणं सवयीचं नसतं. चारचौघांत अपमान, धमक्या, आजारपणातही सुट्टी नाकारणं, असं असेल तर स्वतःला सुधारत बसू नये. तारीख-वार लिहून ठेवावं आणि एचआरकडे किंवा फर्मने दिलेल्या मार्गदर्शकाकडे जावं. सलग दोन आठवडे मन उदास असेल, भूक-झोप गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. जगणं नको वाटण्याचे विचार आले तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारच्या 2022 साली सुरू झालेल्या टेलीमानस सेवेचा क्रमांक 14416 आहे. तो चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

प्रोबेशनच्या निकालाची वाट बघत बसण्याऐवजी तिने चौथ्या महिन्यात मॅनेजरकडे अर्धा तास मागितला आणि दोनच गोष्टी विचारल्या: मी काय चालू ठेवू, आणि पुढच्या दोन महिन्यांत कोणती एक गोष्ट बदलू? उत्तर तिच्या भीतीपेक्षा बरंच वेगळं आलं. क्लायंटशी बोलणं उत्तम. एक्सेलमध्ये वेग कमी. वेगासाठी तिने रोज अर्धा तास ठेवला आहे. ही नोकरी आपल्याला आवडते का, या प्रश्नाचं उत्तर तिने पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत पुढे ढकललं आहे.