रंगवलेल्या कपाटातला वास का जात नाही?

प्रश्न : घरातील जुने लाकडी कपाट आणि टेबल आम्ही ऑइल पेंटने रंगवून घेतले. त्याला तीन आठवडे उलटले. बाहेरून रंग कडक झाला आहे, पण कपाटाचे दार उघडताच आतून रंगाचा भपकारा येतो आणि आत ठेवलेल्या कपड्यांनाही तो वास लागतो. खाण्याचा सोडा ठेवून पाहिला, कापलेला कांदा ठेवला, सुगंधी फवाराही मारला; दोन दिवस बरे वाटते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. या कपाटात सात महिन्यांच्या बाळाचे कपडे ठेवायचे आहेत. काय करावे?

उत्तर : बाळाचे कपडे तूर्त त्या कपाटात ठेवू नयेत आणि जागा असेल तर कपाटही बाळाच्या खोलीतून हलवावे. रंगाच्या वाफेने मोठ्या माणसांचेही डोळे चुरचुरतात, डोके दुखते. तान्ह्या बाळाला आणि घरात कोणाला दमा असल्यास त्या व्यक्तीला हा त्रास अधिक होऊ शकतो.

आपण केलेले सर्व उपाय वास शोषण्याचे किंवा झाकण्याचे आहेत, आणि कपाटाच्या आतला रंग मात्र अजून वास तयार करतोच आहे. ऑइल पेंट दोन टप्प्यांत वाळतो. पहिल्या टप्प्यात त्यातील टर्पेंटाइन किंवा थिनर उडून जाते आणि साधारण दिवसभरात रंग हाताला लागेनासा होतो. दुसऱ्या टप्प्यात रंगातील तेलकट घटक हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होत जातो. या काळात हेक्झानलसारखी अल्डिहाइडे, म्हणजे उग्र वासाची उडून जाणारी रसायने, बाहेर पडतात, आणि खवट तेलासारखा जो रेंगाळणारा वास येतो तो मुख्यतः त्यांचा असतो. हा टप्पा उघड्या हवेतही काही आठवडे चालतो. बंद दाराआड हवा खेळत नाही, त्यामुळे तिथे रंग पक्का व्हायला आणखी वेळ लागतो, शिवाय सुटलेली वाफ तिथेच कोंडून राहते. म्हणूनच बाहेरची बाजू वासमुक्त झाली तरी आतली होत नाही.

याची खातरजमा करता येते. कपाटाच्या आत, तळाच्या कोपऱ्यात जिथे रंग जाड साचला असेल, तिथे अंगठ्याचे नख दाबून पाहावे. नखाची खूण उमटली तर रंग अजून पक्का झालेला नाही, आणि अशा वेळी सोडा काय किंवा कांदा काय, काहीही ठेवले तरी वास परतणारच.

आता मुख्य उपाय. कपाट पूर्ण रिकामे करावे, खण आणि निघत असतील त्या फळ्या बाहेर काढून सुट्या उभ्या कराव्यात, दारे सताड उघडी ठेवावीत आणि पंख्याचा झोत थेट कपाटाच्या पोटात जाईल असा ठेवून समोरची खिडकी उघडी टाकावी, म्हणजे वाफ खोलीत न घुटमळता बाहेर जाईल. हे दिवसातून तासभर करून भागत नाही; सलग दोन-तीन आठवडे दारे लावायचीच नाहीत. हवा उबदार आणि कोरडी असेल तर काम लवकर होते, दमट आणि थंड हवेत रेंगाळते. मात्र घाईने कडक उन्हात कपाट ठेवू नये, कारण मऊ रंगाला फोड येतात आणि फळ्या वाकतात.

सक्रिय कोळसा (ॲक्टिव्हेटेड चारकोल) या वाफा खरोखर धरून ठेवतो, तेव्हा रात्री नाइलाजाने खिडकी बंद करावी लागत असेल तर त्याच्या पिशव्या खणांत ठेवाव्यात. हवा खेळवण्याला तो पर्याय नव्हे, जोड आहे. खाण्याचा सोडा आम्लधर्मी वासांवर थोडेफार काम करतो, टर्पेंटाइनसारख्या द्रावकाच्या वाफेवर त्याचा फारसा उपयोग नाही. सुगंधी फवारा हवेत आणखी रसायनांची भर घालतो, म्हणून बाळाच्या घरात तो वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ओझोन सोडणारी यंत्रेही घेऊ नयेत. ओझोन स्वतः फुप्फुसांना घातक आहे.

इतके करूनही आणखी महिनाभराने वास तसाच राहिला, तर बहुधा पहिला हात पुरता वाळण्याआधीच दुसरा दिला गेला असावा. तेव्हा वर साय धरते आणि खालचे द्रावक अडकून पडते. अशा ठिकाणचा रंग खरवडून काढणे हाच खरा इलाज; लाकूड जुने असल्याने खालच्या थरांत शिशाचा रंग असण्याची शक्यता गृहीत धरून हे काम घराबाहेर, योग्य मास्क लावून आणि बाळाला दूर ठेवून करावे, कोरडी धूळ उडू देऊ नये. रंग कडक आहे पण वास मुरलेला आहे, असे असेल तर वरच्यावर पॉलिश पेपर मारून, पुसून, स्पिरिटमधल्या लाखेचा पातळ हात द्यावा. तो वास चांगला अडवतो आणि त्यातील स्पिरिट लवकर उडून जाते. रंग मऊ असताना मात्र लाख लावू नये, कारण वरचा थर तडकतो.

कपाट वापरायला घेण्याआधी स्वच्छ धुतलेले सुती फडके आत ठेवून रात्रभर दारे लावावीत आणि सकाळी ते फडके दुसऱ्या खोलीत नेऊन हुंगावे. त्याला वास लागला नसेल तरच बाळाचे कपडे आत ठेवावेत.